ठासणीची बंदूक आणि बाबांचे कान

आमच्या घरात नारळ फुटला की त्याची शेंडी केरात जात नसे. आई ती ओढून काढायची आणि सिंकखालच्या कॉफीच्या रिकाम्या डब्यात टाकायची, कारण शेंडीवर बाबांचा हक्क होता. शनिवारी दुपारी बाबा तो डबा घेऊन गराजमध्ये जायचे, शेंड्या मोकळ्या करून काथ्याचे बोराएवढे बोळे वळायचे आणि बुटांच्या खोक्यात ओळीने मांडून ठेवायचे, ताटात करंज्या मांडाव्यात तसे. हे बोळे बंदुकीत ठासण्यासाठी असत. मिशिगनमधल्या आमच्या ट्रॉय गावातली बाकीची मराठी कुटुंबं शनिवारी दुपारी रमी खेळत किंवा मुलांना भरतनाट्यमला पोचवत. आमच्या गराजमधून मात्र काथ्याचा, तेलाचा आणि बंदुकीच्या दारूचा असा मिश्र वास यायचा, आणि तो सगळ्यांच्याच गराजमधून येतो अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

बंदूक ठासणीची होती. काडतूस सरकवलं आणि चाप ओढला, असला चटपटीत मामला नव्हता तो. नळीच्या तोंडातून आधी मोजून दारू ओतायची, तिच्यावर काथ्याचा बोळा घालून गजाने ठासायचा, मग मापाने छर्रे, ते घरंगळू नयेत म्हणून वर आणखी एक बोळा, आणि सगळ्यात शेवटी घोड्याखाली डाळीएवढी तांब्याची टोपी बसवायची. एवढं करून बार एकच. तो चुकला की पुन्हा श्रीगणेशा, आणि तोवर ससा कॅनडाच्या हद्दीत. नळीला आतून आटे नव्हते, त्यामुळे छर्रे पसरत, आणि सावज अगदी हाकेच्या अंतरात आल्याशिवाय बार काढण्यात अर्थ नसे. कारखान्यातले बाबांचे गोरे सहकारी त्यांच्या या बंदुकीला हसायचे. त्यांच्याकडे एकापाठोपाठ पाच बार उडवणाऱ्या बंदुका होत्या. बाबा म्हणायचे, "पाच बार हाताशी असले की पहिला कुणी नीट मारत नाही." असं बोलून ते आपला बोळा ठासत राहायचे. बाबांना कुणी हसलं तर त्यांच्या अंगाला कधी लागायचं नाही. माझ्या मात्र लागायचं.

कुडाळजवळच्या आमच्या गावी माझ्या आजोबांकडे अशीच बंदूक होती, रानडुकरांपासून शेत राखायला परवान्यावर मिळालेली. बाबा तिच्या धाकात आणि तिच्या नादात वाढले, मग मुंबईला शिकले, मग मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून मिशिगनला आले. पत्र्याला आकार देणाऱ्या प्रचंड प्रेसच्या शॉपमध्ये त्यांची नोकरी होती. तिथल्या एका म्हाताऱ्या फोरमनच्या घरी जेवायला गेले असताना भिंतीवर शोभेला लावलेली एकनळी ठासणीची बंदूक त्यांना दिसली, आणि पुढचा सगळा वेळ ते जेवणाकडे न बघता तिच्याकडेच बघत होते. फोरमन रिटायर होऊन फ्लोरिडाला गेला तेव्हा त्याने ती बाबांच्या हातात ठेवली. तेव्हा मी नुकतीच, चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकून, आईबरोबर इथे आले होते. या देशातला बाबांचा जो पहिला फोटो मला आठवतो त्यात ते गराजसमोर उभे आहेत, अंगात ऑफिसचा शर्ट, डोक्याला आईने विणलेली तपकिरी माकडटोपी आणि हातात ती त्यांच्या खांद्यापर्यंत पोचणारी बंदूक. नवरदेवाच्या चेहऱ्यावर असतो तसला आनंद.

शिकारीला आम्ही मिसेस डॉर्न यांच्या शेतावर जायचो. ट्रॉयपासून उत्तरेला गाडीने बराच रस्ता होता. मिसेस डॉर्न एकट्याच राहायच्या, मक्याची शेती खंडाने दिलेली, आणि शेताच्या मागे ओक आणि बीचच्या झाडांचं रान. फॉलमध्ये, पानगळीच्या दिवसांत, मका कापला की त्या रानाच्या कडेने ससे आणि खारी मिळत. मी बाबांच्या मागून चालायची. झुडपात आधी मी शिरायचं, ससा उठवायचा आणि लगेच खाली बसायचं, असा नियम. मग आधी टोपीचा टिचकन आवाज, त्याच्या पाठोपाठ धाडकन बार, आणि मग पांढरा धूर, इतका की ससा पडला की पळाला हे तो विरेपर्यंत दोघांनाही कळत नसे. त्या धुरात उभं राहण्यासारखं सुख मला नंतर फार थोड्या ठिकाणी मिळालं. बाबा मात्र आधी पुढे जाऊन जळका काथ्या बुटाने विझवायचे, वाळल्या पानांना आग लागू नये म्हणून, आणि मगच ससा शोधायचे.

गावाकडची एक रीत बाबांनी इथेही सोडली नव्हती. शिकार झाली की जो जो रानात आला त्याचा वाटा. बंदूकवाल्याचा, हाकाऱ्याचा, नुसत्याच ओरडणाऱ्याचा, आणि ज्याची जमीन त्याचाही. मिसेस डॉर्नना वाटा म्हणून आई आइस्क्रीमच्या डब्यात सशाची सागोती भरून द्यायची, भाजलेल्या खोबऱ्याचं वाटप घातलेली, तिखटजाळ. डबा पुढच्या खेपेला घासून परत यायचा आणि त्यात ॲपल पाय असायचा. "आय क्राइड," मिसेस डॉर्न म्हणायच्या, "अँड देन आय हॅड सेकंड्स."

सशाला आईची ना नव्हती. खारीवरून मात्र आमच्या घरात महाभारत झालं. बाबांनी पहिली खार आणली तेव्हा आई ओट्यापासून दोन हात मागे सरली. "मी खारीक हात लावूचंय नाय," ती म्हणाली. रामाने पूल बांधताना जिच्या पाठीवरून हात फिरवला तिला मी कढईत घालू का, असा तिचा सवाल होता. आई-बाबा एरवी माझ्यामुळे शाळेतलं मराठी बोलायचे, पण भांडण किंवा आनंद झाला की दोघंही मालवणीवर यायचे. बाबांनी खार उलटीपालटी करून तिची पाठ आईला दाखवली. "अगो, हिच्या पाठीर पट्टे खंय आसत? रामाचो हात हिका लागलोच नाय." अमेरिकन खारीच्या पाठीवर खरंच पट्टे नसतात. आईने मागच्या दाराच्या काचेतून बोट दाखवलं. डेकवर एक चिपमंक, म्हणजे इथली इवलीशी खार, बसला होता, पाठभर ठळक पट्टे मिरवत. "मगे तां कोण?" मला हसू आवरेना. शेवटी तह असा झाला की खार बाबांनीच गराजमध्ये साफ करायची, बाबांनीच शिजवायची, आणि त्या पातेल्याला आई हात लावणार नाही. रस्सा मात्र ती चाखायची, पळीने, आमची पाठ असताना.

रविवारची ती जेवणं आठवली की आजही माझ्या तोंडाला पाणी सुटतं आणि डोळ्यांनाही. बाहेर बर्फ पडायला लागलेलं असायचं, स्वयंपाकघराच्या काचा वाफेने पांढऱ्या झालेल्या, आई वडे तळतेय आणि फुगलेला प्रत्येक वडा झाऱ्याने कढईच्या कडेला टेकवून निथळवतेय. सगळे जपून चावायचे, कारण मांसात छर्रा राहिलेला असायचा. कुणाच्या दाताखाली आला की तो स्टीलच्या ताटात टाकायचा, टण्. ज्याच्या ताटात टण् वाजेल त्याने दुसऱ्या दिवशी भांडी घासायची नाहीत, हा माझा कायदा. मुलीच्या घरी मी परवा चिकन केलं, वाटप घालून, वडे करून. सगळं साग्रसंगीत होतं. नात म्हणाली, "आजी, धिस इज सो गुड." मी म्हटलं हो, आणि जेवण संपेपर्यंत त्या टण् आवाजाची वाट बघत बसले.

आईला बंदुकीची भीती होती, आणि ती उगाच नव्हती. तिच्या मामांना लहानपणी तिने खाटेवर घालून आणलेलं पाहिलं होतं. हाकाऱ्याला गेले होते. झाडीत कुणीतरी हलतंय म्हणून पलीकडच्याने बार काढला. मामा ओरडत होते, आणि बंदूक धरणारा कानाने अधू होता. मामा वाचले, पण एक पाय कायमचा गेला. लग्न ठरताना मुलाकडे शिकारीचा नाद आहे हे कळल्यावर आईने एकच अट घातली होती: डोळे किंवा कान, कशानेही दगा दिला की त्या दिवसापासून बंदूक बंद. बाबांनी होकार दिला होता, आणि बाबांचा होकार म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

मी हायस्कूलच्या शेवटच्या वर्गात होते तेव्हा घरातल्या टीव्हीचा आवाज हळूहळू चढत गेला होता. आई बारीक आवाजात बोलणारी. तिने काही विचारलं की बाबा "हं" म्हणायचे, आणि ते "हं" कधी बरोबर जागी पडायचं, कधी नाही. "प्रेसशॉपमधून आल्यावर डोकं भणभणतं," बाबा सांगायचे. थंडीत घरातसुद्धा माकडटोपी घालायचे. आई म्हणायची, "ती टोपी काढा आधी कानावरची!" बाबा टोपी काढायचे आणि तरीही "हं" म्हणायचे. मी कॉलेजच्या नादात होते. ऑगस्टमध्ये मी घर सोडणार होते आणि माझं अर्धं मन आधीच तिकडे पोचलं होतं.

त्या वर्षी बाबांना स्प्रिंगमधल्या टर्कीचा परमिट लागला. परमिट सोडतीने मिळायचा, आणि बाबांचं नाव कधी निघत नसे. जंगली टर्की आताशा कुणाला अप्रूप वाटत नाही. मी आता राहते त्या नेपरव्हिलमध्ये आमच्या घरामागच्या तळ्यावरून त्या खुशाल रस्त्यावर येतात. समोरच्या घरातला नागपूरचा मुलगा, आयटीत आहे, परवा दारात येऊन म्हणाला, "काकू, तो मोठा वाला रोज माझ्या कारला चोच मारतो यार, सिटीला कॉल करू का?" मी सांगितलं, त्याला गाडीच्या चकचकीत दारात स्वतःचंच तोंड दिसतं आणि दुसरा नर आलाय असं वाटतं, गाडीवर चादर टाक. पण तेव्हा तो पक्षी दुर्मीळ होता आणि अतिशय सावध. वसंतात नर पहाटे झाडावरूनच घळघळघळ असा आवाज देतो. शिकाऱ्याने त्या आवाजावरून जागा हेरायची, झाडाला पाठ टेकून बसायचं, मादीसारखी साद घालायची आणि दगड होऊन वाट बघायची. सगळा खेळ कानांचा. बाबांनी सीडारच्या लाकडाची एक डबी बनवली होती. तिचं झाकण कडेवर घासलं की मादीचा चिरका आवाज निघे. रोज संध्याकाळी ते डबी घासून मला विचारायचे, "बरोबर वाटतो?" बनवणाऱ्यानेच असं का विचारावं, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

पहिल्या दिवशी आम्ही मिसेस डॉर्नच्या रानाच्या तोंडाशी पोचलो तेव्हा फटफटायला लागलं होतं. जमिनीवर ट्रिलियमची पांढरी फुलं, दलदलीत बारक्या बेडकांचा नुसता कल्लोळ. बाबांनी पिशवीतून नारळ काढून ओकच्या बुंध्याशी ठेवला, टोपी काढली आणि हात जोडले. गाऱ्हाणं घातल्याशिवाय ते कुठल्याच रानात पाऊल टाकायचे नाहीत. एकट्याने देवाला विनवायचं आणि बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणून दुजोरा द्यायचा अशी आमच्याकडची पद्धत. बाकीचे म्हणजे मी. आणि तेवढ्यात रानातून, अगदी जवळून, त्याने आवाज दिला. घळघळघळ! माझ्या अंगावर काटा आला. मी बाबांकडे बघितलं. ते डोळे मिटून शांत उभे होते. मग त्यांनी सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! ह्या रानाच्या राखणदारा! तुका आमी वळखणव नाय, पण तू आमका वळखून घे रे म्हाराजा!"

आमच्या देवळात, सभामंडपभर माणसं असताना घालतात त्या आवाजात. त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की आपण कुजबुजतोय अशी त्यांची समजूत आहे. मी त्यांचा हात धरला. त्यांनी डोळे उघडले, माझ्या "व्हय म्हाराजा"ची वाट बघितली आणि ते आलं नाही म्हणून रागाने भुवया वर केल्या. रानात पंखांचा मोठा फडफडाट झाला. तोही त्यांना ऐकू गेला नाही.

"बाबा, यू डिडंट हिअर दॅट?"

"काय?"

"टर्की. ही वॉज राइट देअर. तो ओरडत होता. आत्ता उडाला."

ते माझ्या ओठांकडे बघत होते. मग रानाकडे वळले आणि बराच वेळ मान तिरकी करून उभे राहिले, आधी एक कान पुढे, मग दुसरा. बेडूक ओरडत होते, कार्डिनल पक्षी शीळ घालत होता, दूर कुठेतरी ट्रॅक्टर सुरू झाला होता. "आज काहीच आवाज नाही रानाला," ते म्हणाले, पण मला सांगितल्यासारखं नाही. मग खाली वाकून नारळाशेजारची पानं उगाचच सारखी करत राहिले. मला इतकं रडू येत होतं की मी दलदलीकडे तोंड करून उभी राहिले.

गाडीत त्यांनी फक्त विचारलं, "तुला तो नक्की कुठून ऐकू आला?" मी म्हटलं, डावीकडून. दुसऱ्या दिवशी आम्ही एकाच जाड ओकला पाठ टेकून खांद्याला खांदा लावून बसलो आणि मी त्यांच्या गुडघ्यावर बोट ठेवलं. डावीकडून आवाज आला की गुडघ्याच्या डाव्या बाजूला दाबायचं, उजवीकडून आला की उजव्या. जवळ आला की जोरात. डबी मी घासायची. कुणी ठरवलं असं नाही, ते आपोआप झालं. त्या स्प्रिंगमध्ये शाळेच्या आधी कितीतरी सकाळी आम्ही असे बसलो. माझ्या बोटाखाली त्यांचा गुडघा थंडीने गार असायचा, समोरचं धुकं हळूहळू वर उचलायचं, आणि मी त्यांच्यासाठी ऐकत असायची. पुढे संसार झाला, नोकरी झाली, पण कुणाला माझी इतकी गरज आहे आणि मी त्याला इतकी पुरी पडतेय, असं मला पुन्हा कधी वाटलं नाही. पक्षी यायचा, लांबून गोल फिरायचा, आणि जायचा. एकदाही बाराच्या टप्प्यात आला नाही.

आईने एकदा भाजी चिरताना, वर न बघता विचारलं, "रानात ह्यांना सगळं नीट ऐकू येतं ना गं?" मी म्हटलं, "येतं की." मला एवढंच कळत होतं की या परमिटवर त्यांना टर्की मिळायला हवा. मी गेल्यावर त्यांच्याबरोबर कोण बसणार होतं? एकट्याने गेले तर आईची भीती खरी व्हायची, आणि नाही गेले तर शनिवारी दुपारी ते कशासाठी उठणार होते? एक पक्षी, त्यांनी स्वतः मारलेला, सागोतीला आणलेला. मग बंदूक थांबली तरी चालेल, असा माझा देवाशी सौदा होता.

शेवटच्या सकाळी ओकला पोपटी पानं फुटलेली होती. मी डबी घासली आणि तो लगेच बोलला. गुडघ्याच्या उजव्या बाजूला बोट. पुन्हा साद, पुन्हा उत्तर, आता जवळ. जोरात बोट. बाबांनी बंदूक गुडघ्यावर टेकवून घोडा चढवला. मग तो गप्प झाला. नर जवळ आला की गप्प होतो, आणि मग फक्त पानांवरची त्याची पावलं ऐकायची असतात. मी श्वास रोखून ऐकत होते. पावलं उजवीकडून येत होती, मग ती आमच्या मागे गेली, मग झाडाला वळसा घालून डावीकडे, बाबांच्या अंगाने. मी डावीकडे दाबत होते, दाबत होते. बाबांनी नळी मुंगीच्या गतीने वळवली. आणि तो झुडपाआडून समोर आला, पिसारा पूर्ण फुलवलेला, डोकं लाल-निळं, छातीवरून तो काळा केसाळ झुबका लोंबतोय. घराच्या ओटीवरून अंगण दिसावं इतका जवळ. नळी त्याच्यावर होती. बाबांचं बोट चापावर होतं. मी मनात म्हटलं, आता.

त्याने मान पुढे काढली आणि आवाज दिला. तो इतक्या जवळून आला की माझ्या छातीत घुमला, झाडाच्या बुंध्यात घुमला.

"आयकलंय!" बाबा ओरडले. "आयकलंय गो बाय! माका आयकाक इलो!"

ते अर्धे उठले होते. बंदूक त्यांनी आभाळाकडे वळवली होती, चापावरचं बोट काढून. पक्ष्याने क्षणभर आमच्याकडे बघितलं, पिसारा मिटला आणि पाय लावून असा पळाला की बास. दलदलीच्या पलीकडे उडाल्याचा फडफडाट मला ऐकू आला. बाबांना तो आला नसणार. ते माझे दोन्ही खांदे धरून हसत होते आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "बाबा, यू हॅड हिम," मी म्हणत होते, "वी हॅड हिम!" मी चिडले होते, माझा सौदा मोडला होता, आणि ते मात्र लहान मुलासारखे पुन्हा पुन्हा तेच सांगत होते, कसा आला, कुठून आला, छातीत कसा वाजला. शेवटी मीही हसायला लागले. दुसरं काय करणार?

भरलेली बंदूक गाडीत ठेवायची नसते. बाबांनी ओढ्याच्या मातीच्या दरडीत बार काढला, काथ्या विझवला, नळी पुसली. मग गाडीकडे न जाता शेताच्या घराकडे चालू लागले. मिसेस डॉर्न बार ऐकून पायरीवर येऊन उभ्या होत्या. "डिड यू गेट हिम?" त्यांनी विचारलं. बाबांनी माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे बघून नकाराची मान हलवली. मग त्यांनी बंदूक दोन्ही हातांवर आडवी धरून पुढे केली आणि म्हणाले, "युवर वॉल इज बेटर दॅन माय गराज." मिसेस डॉर्न माणूस ओळखणाऱ्या होत्या. त्यांनी कारण विचारलं नाही. एप्रनला हात पुसून बंदूक घेतली.

घरी आलो तेव्हा आईने वड्यांचं पीठ मळून ठेवलं होतं. शेवटचा दिवस, काहीतरी येईल या आशेने. आमचे रिकामे हात बघून ती नेहमीच्या बारीक आवाजात म्हणाली, "बंदूक खंय?" बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगायला तोंड उघडलं, पण त्यांनी हात वर करून मला थांबवलं. तिने काय विचारलं असेल ते त्यांना समजलं होतं.

"शैला, माका आयकाक येत नाय," ते म्हणाले. "दोन वर्सां झाली. रानात ह्या चेडवाच्या कानान भागवलंय. आता बंदूक बंद."

आईने गॅस बारीक केला. माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. मला वाटलं आता मामांचा पाय निघणार, अट निघणार. बाबाही बहुधा त्याचीच वाट बघत होते. ओट्याशी उभे होते, माकडटोपी हातात चुरगाळत. मग तेच म्हणाले, "पण आज आयकलंय, शैला. तो माझ्या फुडे उबो रवलो आणि ओरडलो, आणि माका आयकाक इलो." आणि माझ्या बाबांनी, ज्यांनी मंडळाच्या गणपतीत कधी आरतीला आवाज चढवला नव्हता, मान पुढे काढली, गाल फुगवले आणि स्वयंपाकघराच्या मधोमध टर्कीचा आवाज काढला. इतका मोठा की फळीवरच्या वाट्या खणखणल्या. काढून झाल्यावर त्यांनी आईच्या तोंडाकडे बघितलं.

आई पिठाच्या हातांनी तशीच उभी होती. ती पुढे आली, त्यांच्या समोर उभी राहिली, आणि जिचा आवाज शेजारच्या खोलीत कधी गेला नव्हता ती माझी आई, आळीभर ऐकू जाईल अशी ओरडली, "परत काढा!"